चिमणीकडून हत्तीकडे : नोव्हेंबर २०१९ मधल्या एका स्थलांतराची गोष्ट

दर सहा-आठ महिन्यांनी कुणीतरी पोस्ट टाकतं, "मित्रांनो, हे माध्यम मी सोडतोय, आता तिकडे भेटू." खाली पन्नास बदाम पडतात. पंधरा दिवसांनी तोच माणूस इकडेच लग्नाच्या वाढदिवसाचे फोटो टाकत असतो. हसण्यासारखं आहे, पण नुसतं हसून सोडून देण्यासारखं नाही. कारण भारतात एकदा हे खरंच, मोठ्या संख्येनं घडलं होतं, आणि त्याची नोंद मराठीत फारशी कुणी ठेवलेली दिसत नाही. म्हणून हा लांबलचक लेख. चहा घेऊन बसा.

गोष्ट सुरू होते एका जुन्या फोटोपासून. १९३६ साल, जर्मनीतलं हॅम्बुर्ग, जहाजबांधणीचा कारखाना. कामगारांची प्रचंड गर्दी नाझी सलामीसाठी हात पुढे करून उभी आहे आणि मधोमध एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. तो माणूस म्हणजे ऑगस्ट लँडमेसर असं मानलं जातं. हा फोटो जगभर प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांनी तो आपल्या ट्विटर खात्यावर लावला होता. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस ट्विटरनं त्यांचं खातं बंद केलं. कारण काय, तर द्वेषमूलक चित्र! जो माणूस नाझींना हात दाखवायला तयार नव्हता, त्याचंच चित्र नाझी म्हणून पकडलं गेलं. यंत्रानं पकडलं की माणसानं, देव जाणे.

खातं परत सुरू झालं आणि लगेच पुन्हा बंद पडलं. या वेळी कारण होतं गोरख पांडे यांची एक हिंदी कविता, जी हेगडे यांनी २०१७ साली पुढे पाठवली होती. आंध्रातल्या भूमय्या आणि किष्टा गौड या दोन शेतकरी कार्यकर्त्यांना आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये फाशी दिली गेली. त्या फाशीच्या निषेधाची ती कविता. शीर्षकातच 'फाशी द्या' असे शब्द आहेत, आणि ते उपरोधानं आहेत हे दहावीच्या पोरालाही कळेल. कंपनीला कळलं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हेगडेंना कळवण्यात आलं की खातं कायमचं बंद. पुढे ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले.

एका वकिलाचं खातं बंद झालं, त्यात एवढं काय, असं आज वाटेल. पण त्याच दिवसांत दुसरीकडेही आग लागली होती. पत्रकार आणि लेखक दिलीप मंडल यांच्या खात्यावर बंधनं आली. त्यावरून दलित-बहुजन कार्यकर्त्यांनी थेट सवाल केला : निळी टिक कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही? ज्यांची आडनावं ठरावीक आहेत त्यांना हजार-दोन हजार फॉलोअर असले तरी टिक, आणि लाखभर लोक ज्यांना वाचतात त्या बहुजन लेखकांना नाही, हे कसं? 'जातीयवादी ट्विटर' या अर्थाचा हॅशटॅग त्या आठवड्यात देशात वर होता. कंपनीनं आपलं धोरण सगळ्यांना सारखं आहे असं सांगितलं. याच कंपनीचे प्रमुख जॅक डॉर्सी आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये भारतात आले असताना ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचं पोस्टर हातात धरून फोटोत उभे होते. त्यावरून गदारोळ झाल्यावर कंपनीनं अंग काढून घेतलं होतं. म्हणजे एका बाजूचेही नाराज, दुसऱ्या बाजूचेही नाराज.

या दोन ठिणग्या एकत्र आल्या आणि नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात भारतातले हजारो लोक 'मॅस्टोडॉन' नावाच्या, तोपर्यंत इथं जवळजवळ कुणालाच माहीत नसलेल्या ठिकाणी जाऊन पोचले. वकील, पत्रकार, प्राध्यापक, विद्यार्थी, कार्यकर्ते. ट्विटरवर चिमणी होती, इकडे हत्तीसारखा प्राणी. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला लांबचा भाऊबंद. (नाव मात्र प्राण्यावरून थेट नाही, एका अमेरिकन रॉक बँडवरून घेतलंय. आपल्याकडे सगळ्यांनी हत्तीच धरला.)

आता हा हत्ती आला कुठून, ते सांगायला हवं. जर्मनीतल्या येना शहरात ऑयगन रोचको नावाचा एक विशीतला मुलगा, शिक्षण जेमतेम संपलेलं. त्यानं २०१६ साली तो बनवला. विचार त्याचा एकट्याचा नव्हता. २००८ मध्येच इव्हान प्रोड्रोमू यांनी 'आयडेंटिका' नावानं असा प्रयोग केला होता. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या चार विद्यार्थ्यांनी 'डायस्पोरा'साठी लोकांकडून दहा हजार डॉलर मागितले होते आणि लोकांनी दोन लाख दिले. फेसबुकला कंटाळलेले लोक तेव्हाही किती होते बघा. डायस्पोरा मोठा झाला नाही, पण मेलाही नाही. आपल्या देशातल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनीही 'पोडेरी' नावानं त्याचा एक सर्व्हर चालवला.

कल्पना समजायला सोपी आहे, फक्त सांगणारे ती अवघड करून सांगतात. तुमचा ई-मेल रेडिफवर आहे, माझा जीमेलवर. तरी तुम्ही मला मेल पाठवू शकता, कारण दोन्ही एकच भाषा बोलतात. उद्या जीमेलचा मालक बिथरला तर मी दुसरीकडे पत्ता काढीन, मेल थांबणार नाही. फेसबुक-ट्विटरचं तसं नाही. फेसबुकवरून ट्विटरवरच्या माणसाला फॉलो करता येत नाही. मॅस्टोडॉनमध्ये हजारो लहानमोठे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, पण सगळे एकमेकांशी बोलतात. ज्या सामाईक भाषेत बोलतात तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. जाहिरात नाही. काय दाखवायचं हे ठरवणारं गणित नाही. जे आधी लिहिलं ते खाली, नंतर लिहिलं ते वर. आपला सर्व्हर पटला नाही तर फॉलोअरसकट दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. जुन्या पोस्टी मात्र मागेच राहतात, हे भक्त लोक सांगत नाहीत.

आपल्याकडे हे समजायला सहकाराचं उदाहरण पुरेसं आहे. खासगी कारखानदार भाव देत नाही म्हणून शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून स्वतःचा कारखाना काढला. प्रवरानगरचा कारखाना तसाच उभा राहिला. आणि सहकाराचं पुढे काय काय झालं, तेही आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. चेअरमन बदलला नाही तर संस्था त्याच्या घरची होते. मॅस्टोडॉनमध्येही सर्व्हरचा चालक हा चेअरमनच. तो चांगला असेल तोवर सगळं चांगलं. तो कंटाळला, आजारी पडला किंवा भांडला की कारभार संपला. २०२२ मध्ये 'मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी' हा जुना, नावाजलेला सर्व्हर चालकाला झेपेना म्हणून बंद झाला. 'क्विअर डॉट एएफ' नावाचा एक सर्व्हर होता. 'एएफ' हे अफगाणिस्तानचं इंटरनेटवरचं आडनाव. तालिबानच्या राजवटीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये ते नावच काढून घेतलं आणि सर्व्हर गेला. कंपनीच्या तावडीतून सुटले आणि तालिबानच्या तावडीत सापडले!

तर २०१९ मध्ये भारतीय लोक तिथं गेले तेव्हा नेमकं काय झालं? मी त्या आठवड्यात खातं उघडलं होतं, व्यवसायाचा भाग म्हणून. पहिल्याच पानावर प्रश्न : कोणता सर्व्हर? इथंच निम्मे गळाले असणार. नव्या गावात जाताना कुठल्या गल्लीत राहायचं हे आधी सांगा, गाव नंतर बघा, असला प्रकार. बहुतेकांनी जी सगळ्यात मोठी दिसली ती गल्ली धरली, म्हणजे रोचकोचा स्वतःचा सर्व्हर. म्हणजे विकेंद्रित जागी जाऊन सगळे पुन्हा एकाच मालकाकडे. पहिले तीन-चार दिवस मजा होती. जो तो एकमेकांना विचारत होता, तू पण आलास का? नव्या शाळेच्या पहिल्या दिवसासारखं. मराठी मात्र मला तिथं जवळजवळ दिसलं नाही. इंग्रजी, थोडी हिंदी, थोडी मल्याळम. पोस्टला तिथं 'टूट' म्हणायचे. आपल्याकडच्या लोकांना ते उच्चारतानाच लाज वाटायची.

मग एक-एक जण परत जायला लागला. महिन्याभरात गल्ली शांत. डिसेंबरमध्ये नागरिकत्व कायद्याचं आंदोलन पेटलं, आणि ज्यांनी महिन्यापूर्वी चिमणीला रामराम केला होता ते सगळे चिमणीवरच होते. तिथंच बातमी होती, तिथंच पोलीस होते, तिथंच मंत्री होते.

आठवडी बाजार हलवायचा प्रयत्न आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. नगरपालिका नवी जागा देते, ओटे बांधते, नळ देते, फलक लावते. दोन रविवार चार भाजीवाले तिकडे बसतात. गिऱ्हाईक जुन्याच जागी जातं, कारण बाकीचे भाजीवाले तिथं. बाकीचे भाजीवाले तिथंच, कारण गिऱ्हाईक तिथं. जुनी जागा चिखलाची, अरुंद, पावती फाडणारा उर्मट, तरी बाजार तिथंच. बाजार हलवायचा असेल तर सगळ्यांना एकाच दिवशी हलावं लागतं, आणि सगळे कधीच एका दिवशी हलत नाहीत. २०१९ मध्ये वकील-पत्रकार हलले. रेल्वेला तक्रार करणारे प्रवासी, सिनेमावाले, क्रिकेटवाले आणि राजकारणी हलले नाहीत.

माझ्या मते याहून मोठं कारण दुसरं आहे. त्या नोव्हेंबरमध्ये खरं तर दोन वेगळ्या गोष्टी चालल्या होत्या आणि बातम्यांत त्या एकत्र कालवल्या गेल्या. एक गट म्हणत होता, तुमच्या अंगणात आम्हाला राहायचं नाही. दुसरा गट, म्हणजे बहुजन कार्यकर्त्यांचा, म्हणत होता की हे अंगण आमचंही आहे, आम्हाला इथंच आणि बरोबरीनं जागा द्या. दुसऱ्या गटाला निघून जाणं परवडणारं नव्हतं आणि ते त्यांना मान्यही नव्हतं. गावाच्या चौकातून ज्यांना हटवलं जात होतं त्यांनी चौकातच उभं राहायचं ठरवलं. मला हे समजतं. दुसरीकडे जाऊन राहा, असा सल्ला आपल्या गावांनी काही लोकांना शेकडो वर्षं दिलेला आहे.

पण त्याच परंपरेत स्वतःचं साधन उभं करण्याचा धागाही आहे. 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं तेव्हा 'केसरी'नं त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नव्हती, हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलंय. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते म्हणून ते उभं राहिलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९१० पासून, मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' चालवू लागले होते, आणि ते पुण्या-मुंबईतून नाही, नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. छापखाना खेड्यात! कागद, खिळे, शाई बैलगाडीच्या वाटेनं न्यायची आणि अंक पोस्टानं पाठवायचा. पोस्ट सगळ्यांचं होतं, छापखाना आपला होता. विकेंद्रित माध्यम म्हणजे काय, याचं मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. 'दीनमित्र' अनेक दशकं चालला. मूकनायक मात्र थोड्याच वर्षांत बंद पडला. स्वतःचं साधन असलं की ते टिकतंच असं नाही. पैसा लागतो आणि एक माणूस लागतो जो मरेपर्यंत सोडत नाही.

इंटरनेटवरही मराठी माणसांनी हे केलेलं आहे, आणि फेसबुकच्या आधी. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 'मायबोली' १९९६ मध्ये सुरू केली. ती आजही चालू आहे. तिच्यानंतर आलेलं 'ऑर्कुट' २०१४ मध्ये गेलं. ऑर्कुटवर आपल्या जिल्ह्यांच्या, कॉलेजांच्या, गडकिल्ल्यांच्या किती कम्युनिटी होत्या, आठवतंय? गुगलनं तो सगळा संग्रह काही काळ बघण्यापुरता ठेवला, मग तोही काढला. एका पिढीच्या गप्पा गेल्या. ट्विटरशी सरकारचं वाजलं तेव्हा, २०२१ मध्ये, देशी 'कू'वर मंत्री गेले, खाती गेली, इकडच्या पुढाऱ्यांचे फलकसुद्धा कूचा पिवळा पक्षी मिरवत होते. जुलै २०२४ मध्ये कू बंद. त्याच २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपच्या नव्या अटींमुळे लोक सिग्नलवर गेले होते. आमच्या पत्रकारांचा एक ग्रुपही गेला. तो ग्रुप अजून आहे, शेवटचा मेसेज त्याच वर्षीच्या होळीच्या शुभेच्छांचा. पण एक फरक लक्षात घ्या. कू काय, सिग्नल काय, हे सगळे एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जाणं होतं. सिग्नलचा मालक नफा न कमावणारी संस्था आहे, एवढंच वेगळं.

२०२२ ला गोष्ट पुन्हा घडली, या वेळी जगभर. २७ ऑक्टोबरला इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, आठवड्याभरात निम्मी माणसं काढली. भारतातल्या कार्यालयातले तर बहुतेक गेले. मॅस्टोडॉनवर दरमहा येणारे लोक ऑक्टोबरमध्ये ३ लाखांच्या आसपास होते, ते नोव्हेंबरमध्ये २५ लाखांवर गेले. डिसेंबरमध्ये मस्क यांच्या कंपनीनं काही अमेरिकन पत्रकारांची खाती बंद केली, मॅस्टोडॉनचं खातं बंद केलं, आणि मॅस्टोडॉनची लिंक टाकली तरी ती धोकादायक म्हणून अडवायला सुरुवात केली. बाहेरचा रस्ता दाखवणारी पाटीच काढून टाकली. पुढच्या काही महिन्यांत बरेच परतले किंवा गप्प झाले, पण सगळे नाही. शास्त्रज्ञ, ग्रंथपाल, मुक्त सॉफ्टवेअरवाले असे जे गटानं गेले होते ते राहिले. एकेकटे गेलेले परतले. भारतातून २०१९ ला गेलेले बहुतेक एकेकटेच होते.

भारतीय स्थलांतरानंतर बरोबर महिन्याभरानं, डिसेंबर २०१९ मध्ये, जॅक डॉर्सी यांनी ट्विटरच्या पैशातून विकेंद्रित व्यवस्थेवर एक चमू काम करेल असं जाहीर केलं होतं. त्यातून पुढे 'ब्लूस्काय' निघालं. अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यानं २ कोटींचा आकडा ओलांडला. तिथं सर्व्हर निवडायचा प्रश्न पहिल्या पानावर येत नाही. शिकले म्हणायचं. पण बहुतेक लोक अजून त्या एका कंपनीच्याच यंत्रांवर आहेत, त्यामुळे विकेंद्रित हा शब्द सध्या तरी उधारीवर आहे.

दोन गोष्टी सांगून थांबतो, कारण तरुण मंडळी या विषयाकडे फार भाबडेपणानं बघतात.

एक, दार उघडं ठेवलं की कुणीही येतं. २०१९ च्या जुलैमध्ये 'गॅब' या उजव्या अतिरेक्यांच्या अमेरिकन माध्यमानं मॅस्टोडॉनचाच कोड उचलला. कोड मुक्त असल्यानं रोचकोला नाही म्हणता येत नव्हतं. पण बाकीच्या सर्व्हरनी आपापली दारं लावून घेतली आणि गॅब वाळीत पडलं. सरकार नाही, कंपनी नाही, शेजाऱ्यांनी ठरवलं. हे मला आवडतं आणि थोडं घाबरवतंही. वाळीत टाकणं हा शब्द आपल्याकडे चांगल्या अर्थानं वापरला जात नाही, आणि महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

दोन, पोलीस ठाणं विकेंद्रित होत नाही. २००७ मध्ये ऑर्कुटवरच्या शिवाजी महाराजांबद्दलच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुणाला धरलं. इंटरनेट कंपनीनं पत्ता चुकीचा दिला होता. त्याचा काहीच संबंध नव्हता, तरी पन्नासेक दिवस तुरुंगात काढले. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या साध्या वाक्यासाठी अटक झाली. एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं नुसतं लाइक केलं होतं. ते कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. उद्या आपल्या तालुक्यात कुणी पाच-सातशे लोकांचा सर्व्हर काढला, तर कायद्याच्या भाषेत तो 'मध्यस्थ' ठरतो. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्याला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. ५० लाखांवर वापरकर्ते असलेल्यांवरच्या जास्तीच्या अटी त्याला नाहीत, पण नोटीस आली तर ती त्याच्या घरी येते, कॅलिफोर्नियाला जात नाही. मोठ्या कंपनीकडे वकिलांची फौज असते. आपल्या पोराकडे बापाची पेन्शन.

तरी प्रश्न उरतोच. तालुक्यातल्या नगरपालिकेच्या सभा, पाणीटंचाई, रस्त्यांची कामं, अपघात, निवडणुका, गेल्या दहा-बारा वर्षांचं हे सगळं आता छापील अंकांत कमी आणि अशा पानांवर जास्त आहे. साप्ताहिकं बंद पडली. वाचनालयात फाइल लागत नाही. माझ्या ओळखीच्या एका वार्ताहराचं पान एका माध्यमानं कारण न देता बंद केलं. त्यात टँकर घोटाळ्याच्या तीन वर्षांच्या बातम्या, फोटो, कागदपत्रं होती. अर्ज केले, उत्तर आलं नाही. ज्या ठेकेदाराबद्दल लिहिलं होतं तो मात्र अजून कामं घेतोय.

मी स्वतः हे पान बंद करणार नाही, वाचक इथं आहेत. पण या महिन्यापासून प्रत्येक बातमीची एक प्रत आमच्या स्वतःच्या साइटवर आणि वर्षाची एक छापील फाइल सार्वजनिक वाचनालयात ठेवायचं ठरवलंय. ग्रंथपालांशी बोलणं झालंय, कपाटाची सोय तेवढी बघायची आहे. कुणाकडे २०१२ ते २०१८ मधले तालुक्याच्या साप्ताहिकांचे जुने अंक किंवा ऑर्कुटवरच्या आपल्या कम्युनिटीचे स्क्रीनशॉट पडून असतील तर कमेंटमध्ये सांगा, येऊन घेऊन जाईन. आणि २०१९ साली तुमच्यापैकी कुणी त्या हत्तीवर खातं उघडलं होतं का, तेही लिहा.